स्वावलंबी स्कूबा पाणबुड्या होण्यासाठी: प्रमाणपत्रानंतरची तयारी

पहिल्या अभ्यासक्रमाचे कार्ड हातात पडल्यानंतरच्या नवव्या बुडीतून वर आल्यावर माझ्या जोडीदाराने मला सहज विचारले, की आपण जास्तीत जास्त किती खोल गेलो होतो. मला सांगता आले नाही. मनगटावर खोली आणि वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर होता, पण पाऊण तास माझी नजर पुढे चाललेल्या मार्गदर्शकाच्या पायांतल्या पिवळ्या फिनांवर खिळलेली होती. तो वळला की मी वळत होते, आणि त्याने खुणेने विचारले तेव्हाच मी सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज पाहिला होता. त्या दिवशी काहीही बिघडले नाही. मात्र तो मार्गदर्शक पाण्याखाली दिसेनासा झाला असता तर मी काय केले असते, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ही गोष्ट मला फार लागली. त्या उत्तरापर्यंत प्रशिक्षणातून आणि सरावातून कसे पोहोचता येते, ते येथे लिहीत आहे.

मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगच्या प्रशिक्षणाला आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ २४८०१ या मानकाच्या दुसऱ्या भागात ‘स्वायत्त पाणबुड्या’ या पातळीचे वर्णन येते. साधारण २० मीटर खोलीपर्यंत, आपल्याच पातळीच्या जोडीदाराबरोबर, प्रशिक्षणात अनुभवली तशी किंवा त्याहून सोपी परिस्थिती असताना, प्रशिक्षकाच्या देखरेखीशिवाय बुडी मारू शकणारी व्यक्ती असा त्याचा आशय आहे. डायव्हिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या पॅडी या संस्थेचा १८ मीटरची मर्यादा असलेला ओपन वॉटर डायव्हर अभ्यासक्रम याच पातळीचा आहे. म्हणजे कागदोपत्री पहिले कार्ड मिळते तेव्हाच आपण स्वावलंबी झालेले असतो. परंतु त्या अभ्यासक्रमात खुल्या पाण्यातल्या बुड्या अवघ्या चार असतात, आणि चार बुड्यांत कौशल्यांची ओळख होते, ती अंगवळणी पडत नाहीत. पुढचे काम आपले आपण करायचे असते. बहुतेक जण ते करत नाहीत, कारण मार्गदर्शकाच्या मागून जाणे सोयीचे असते आणि त्यात मजाही येते.

प्रशिक्षक निवडण्यापासून सुरुवात करावी. खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे आठ विद्यार्थी घेण्याची मुभा असते, परंतु आठांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला प्रशिक्षकाची नजर किती येईल याचा विचार करावा आणि शक्य असेल तेथे चार किंवा त्याहून लहान गट निवडावा. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: मास्क काढणे, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे साधन) शोधणे ही कौशल्ये तळावर गुडघे टेकून शिकवली जातात, की पाण्यात आडवे तरंगत असताना? गुडघे टेकून शिकलेले कौशल्य तळ असेल तेथेच उपयोगी पडते, आणि खऱ्या अडचणीच्या वेळी पायाखाली तळ असेलच असे नाही. आरोग्याची प्रश्नावली मात्र प्रामाणिकपणे भरावी. दमा, हृदयविकार, कानाची जुनी दुखणी यांपैकी काही असल्यास ते लपवून पाण्यात उतरू नये आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाण्यातला तोल

पाणबुडे ज्याला ‘बॉयन्सी’ म्हणतात तो पाण्यातला तोल साधल्याशिवाय पुढचे काहीही नीट होत नाही. ज्याचा तोल गेलेला आहे त्याचे सगळे लक्ष वर किंवा खाली न जाण्यात अडकते, आणि गेज, जोडीदार, दिशा यांकडे पाहायला मनात जागाच उरत नाही. हवाही जास्त खर्च होते, कारण सतत पाय मारत राहावे लागते. म्हणून कार्ड मिळाल्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा बुड्यांत केवळ याच गोष्टीवर काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नवे ठिकाण, कॅमेरा आणि अधिक खोली यांना तेव्हा थांबू द्यावे.

पहिली दुरुस्ती बहुधा वजनांची असते. नवशिक्याला लवकर खाली जाता यावे म्हणून त्याच्या पट्ट्यात गरजेपेक्षा जास्त शिसे घातले जाते, आणि मग ते जास्तीचे वजन पेलण्यासाठी त्याला बीसीडीमध्ये, म्हणजे हवा भरून फुगवता येणाऱ्या जाकिटामध्ये, जास्त हवा भरावी लागते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट असतो आणि दाब वाढतो त्या प्रमाणात हवेचे आकारमान घटते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला हा नियम बीसीडीतल्या हवेलाही लागू आहे. थोडे खाली गेले की ती हवा आक्रसते आणि आपण आणखी खाली जातो, थोडे वर आले की ती फुगते आणि आपल्याला आणखी वर ओढते. बीसीडीत जितकी हवा जास्त, तितकी ही ओढाताण मोठी. वजन अचूक आहे का ते बुडीच्या शेवटी तपासावे. सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार (बार हे दाबाचे एकक) उरलेले असताना, पाच मीटरवर, बीसीडी जवळजवळ रिकामे करून शांत श्वास घेत स्थिर राहता आले, तर वजन बरोबर आहे. ही तपासणी शेवटी करायची, कारण हवेलाही वजन असते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला जवळपास २४०० लिटर हवा मावते आणि तिचे वजन तीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे बुडीच्या ओघात आपण दोन किलोंहून जास्त हलके होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फुप्फुसांचा वापर. दोन लिटरचा श्वास आत घेतला तर शरीराची पाण्यातली उचल साधारण दोन किलोंनी वाढते, आणि तो सोडला की तितकीच कमी होते. मात्र हा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-तीन सेकंद जातात, आणि नवशिक्या याच दोन-तीन सेकंदांत घाई करून बीसीडीचे बटण दाबतो. सरावासाठी पाच-सहा मीटरवर वाळूत उभा असलेला एखादा दगड निवडावा, त्याच्या माथ्याशी डोळे आणून आडवे व्हावे, हात छातीशी बांधावेत आणि पाय अजिबात हलवू नयेत. श्वास घेतला की क्षणभराने दगडाचा माथा हळूच खाली सरकतो, श्वास सोडला की पुन्हा वर येतो. हा चढउतार वीतभर अंतरात राहू लागला की तोल आला असे समजावे. हे करताना श्वास कधीही रोखून धरू नये. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि मिटलेल्या घशाने दीड मीटर वर आल्यानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते. संपूर्ण डायव्हिंगमध्ये सर्वांत आधी शिकवला जाणारा नियम हाच आहे आणि अनुभवी माणसालाही त्यातून सूट नाही.

मास्क आणि घाबरणे

माझ्या पाहण्यात आलेल्या नवशिक्यांपैकी अनेकांना खोलीपेक्षा मास्कमध्ये शिरणाऱ्या पाण्याची भीती जास्त वाटते. थंड पाणी नाकाला लागताच श्वास अडखळतो, डोळे घट्ट मिटले जातात आणि शरीर आपोआप वर जाण्याची तयारी करू लागते. ही प्रतिक्रिया समजावून सांगून जात नाही, ती सरावानेच जाते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, मास्क न घालता, तोंडात रेग्युलेटर धरून चेहरा पाण्यात बुडवावा आणि तोंडाने श्वास घेऊन नाकाने सोडावा. सुरुवातीला दहा सेकंद, मग मिनिटभर, मग तीन मिनिटे. त्यानंतर हेच बसून, मग पोहत, आणि शेवटी जोडीदाराला बाजूला ठेवून तरंगत्या अवस्थेत करावे. मास्क पूर्ण काढून पुन्हा घालताना खोली एक मीटरहून जास्त न बदलणे हे उद्दिष्ट ठेवावे. या सरावातून हळूहळू एक गोष्ट मनाला पटते, की दिसत नसले तरी श्वास चालू आहे, आणि श्वास चालू आहे तोवर विचार करायला वेळ आहे.

अडचणीत पाळायचा क्रम सगळीकडे सारखाच शिकवला जातो: थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग हालचाल करा. यातल्या दुसऱ्या पायरीवर मी विशेष भर देईन. घाबरलेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवा पुरत नाही असे वाटू लागते, आणि त्या वाटण्यानेच घबराट आणखी वाढते. दोन-तीन लांब उच्छ्वास जाणीवपूर्वक सोडले की हे चक्र तुटते. उतरताना कान दुखू लागला तरी हाच संयम ठेवावा. दुखण्याआधीपासून, दर अर्ध्या-एक मीटरला कान मोकळे करावेत. तरीही ते होत नसतील तर थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, आणि नाहीच जमले तर बुडी सोडून द्यावी.

हवेचा हिशेब

मार्गदर्शकावर अवलंबून असलेला पाणबुड्या आणि स्वावलंबी पाणबुड्या यांच्यातला फरक मला हवेच्या हिशेबात सर्वांत ठळक दिसतो. ‘५० बार उरले की वर या’ एवढेच बहुतेकांना सांगितलेले असते. पण हा आकडा आला कुठून, आणि तो प्रत्येक खोलीला पुरेसा आहे का, हे स्वतः मांडून पाहावे.

आधी आपला हवेचा खर्च मोजावा. दहा मीटरवर दहा मिनिटे संथ पोहावे आणि आधीचा व नंतरचा दाब पाण्याखाली लिहिता येणाऱ्या पाटीवर लिहावा. समजा बारा लिटरच्या सिलिंडरमधून ३० बार खर्च झाले. म्हणजे ३६० लिटर हवा, मिनिटाला ३६ लिटर. दहा मीटरवर दाब दोन बार असल्याने पृष्ठभागाच्या हिशेबाने हा खर्च मिनिटाला १८ लिटर होतो. अठरा मीटरवर दाब २.८ बार असतो, तेव्हा तेथे मिनिटाला सुमारे ५० लिटर, म्हणजे याच सिलिंडरमधून मिनिटाला ४ बारांहून थोडे जास्त जाणार. हा आकडा एकदाच काढून थांबू नये. थंड पाण्यात, प्रवाहात किंवा थकलेले असताना तो वाढतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी मोजत राहावे.

आता राखीव हवा. सर्वांत वाईट क्षण कल्पावा: अठरा मीटरवर जोडीदाराची हवा संपली आहे आणि आता दोघांनी एकाच सिलिंडरवर वर यायचे आहे. दोघेही घाबरलेले आहेत, म्हणून प्रत्येकाचा खर्च मिनिटाला ३० लिटर, दोघांचा ६० लिटर धरावा. परिस्थिती सावरायला तळाशी एक मिनिट: ६० गुणिले २.८, म्हणजे १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटे, सरासरी दाब १.९ बार: २२८ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा, दाब १.५ बार: २७० लिटर. एकूण ६६६ लिटर, बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ५६ बार. गेजवर वाचायला सोपे जावे म्हणून ६० धरावेत. म्हणजे अठरा मीटरवरून वर निघताना ६० बार हाताशी हवेत. तीस मीटरसाठी वर येण्याची चार मिनिटे धरून हाच हिशेब केला तर उत्तर ९० बारांच्या पुढे जाते. तीस मीटरवर ५० बार शिल्लक पाहून समाधान मानणारा माणूस आपल्या जोडीदाराला वर आणू शकणार नाही, हे या चार ओळींतून कळते.

उरलेल्या हवेचे वाटप ठिकाणावर अवलंबून असते. २०० बारमधून ६० वेगळे ठेवले की १४० उरतात. निघालो तेथेच परत यायचे असेल तर त्यातले निम्मे जाताना, निम्मे येताना, म्हणजे १३० बार दिसताच मागे वळायचे. जोडीत ज्याची हवा आधी त्या आकड्याला येईल त्याच्यावरून दोघांनी वळायचे.

हवेबरोबर वेळेचीही मर्यादा असते, कारण दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळत जातो, आणि तो फार साचला तर वर येताना इजा होऊ शकते. मनोरंजनासाठीच्या एका प्रचलित तक्त्यानुसार दिवसाच्या पहिल्या बुडीत अठरा मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, तर तीस मीटरवर केवळ २०. कॉम्प्युटर हे गणित सतत करतो, परंतु तो काय दाखवतो आहे हे समजण्यासाठी उतरण्यापूर्वी त्यातल्या नियोजनाच्या पडद्यावर आजच्या खोलीची मर्यादा पाहून ती पाटीवर लिहिण्याची सवय लावावी. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगीही जाणवू लागते, आणि गुंगीत असलेल्या माणसाला आपण गुंगीत आहोत हे लवकर उमगत नाही. अठरा मीटरच्या पलीकडे जायचे तर त्याआधी खोल पाण्याचे प्रशिक्षण प्रशिक्षकाबरोबर घ्यावे. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर आहे. दिवसात एकाहून अधिक बुड्या झाल्या असतील तर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत.

दिशा आणि खुणेचा बोया

पाण्याखाली होकायंत्र वापरणे आधी जमिनीवर शिकावे, मोकळ्या मैदानात, नजर फक्त होकायंत्रावर ठेवून. जाण्याची दिशा लावायची, तीस पावले जायचे, १८० अंश वळायचे आणि परत यायचे. मग तेच पाण्यात, पावलांऐवजी फिनांचे फटके मोजत. त्याच्या जोडीला डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा असतात: तळाचा उतार, वाळूवरच्या लाटांच्या रेघा, जाताना डाव्या हाताला ठेवलेली खडकांची रांग. परतताना ती रांग उजव्या हाताला हवी, आणि ती वेगळी दिसते, म्हणून जाताना अधूनमधून मागे वळून पाहावे.

खुणेचा बोया, म्हणजे आपली जागा दाखवण्यासाठी पृष्ठभागावर पाठवायचा, दोरी बांधलेला फुगवता येणारा तरंगक, पाण्याखालून वर सोडता येणे मी अत्यावश्यक मानते, कारण वर येणारा पाणबुड्या बोटीला दिसत नाही. आधी वर बोट किंवा दुसरे कोणी नाही याची खात्री करावी, मग पाच-सहा मीटरवर तोल सांभाळत थोडीशी हवा भरून तो सोडावा आणि दोरी सैल सुटू द्यावी. दोरीची रीळ अंगावरच्या कड्याला कधीही अडकवू नये. ती अडकली तर बोया माणसाला घेऊनच वर जातो. सुरुवातीला बोया आणि तोल एकदम सांभाळता येत नाहीत, आणि म्हणूनच हा सराव तोलाची उत्तम परीक्षाही ठरतो.

जोडीदार आणि बचावाचे प्रशिक्षण

स्वावलंबी होणे म्हणजे एकट्याने उतरणे असे मी म्हणत नाही. ज्या जोडीदाराला सतत सांभाळावे लागत नाही असा जोडीदार आपण व्हायचे. उतरण्यापूर्वी एकमेकांची साधने हात लावून तपासावीत: बीसीडीत हवा भरते आणि सुटते का, वजने कशी सुटतात, पट्टे घट्ट आहेत का, सिलिंडर पूर्ण उघडला आहे का, जास्तीचा रेग्युलेटर कुठे आहे. गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्यावेत, आणि काटा थरथरत खाली येत असेल तर सिलिंडर नीट उघडलेला नाही असे समजावे. चुकामूक झाली तर मिनिटभर शोधायचे आणि मग वर यायचे, हे आधीच बोलून घ्यावे. कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, दोघांपैकी कोणीही बुडी थांबवू शकतो आणि त्याबद्दल वर आल्यावर कोणी नाराज होणार नाही, हेही शब्दांत सांगावे. अंगठा वर, म्हणजे ‘वर चला’ ही खूण, झाला की चर्चा संपली.

अभ्यासक्रमांपैकी मला सर्वांत जास्त बदलले ते बचावाच्या अभ्यासक्रमाने. ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमात पाच बुड्या असतात, त्यांत खोल पाणी आणि दिशाज्ञान येते, आणि ते उपयुक्त आहे. पण बचावाच्या प्रशिक्षणात दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, हातांच्या हालचालींत, वाढलेल्या बुडबुड्यांत घबराट ओळखायला शिकवतात, थकलेल्याला ओढून आणायला शिकवतात, आणि बेशुद्ध माणसाला वर आणण्याचा सराव दमेपर्यंत करून घेतात. त्यानंतर मी किनाऱ्यावरच लोकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. वीस-पंचवीस बुड्या झाल्या की हे प्रशिक्षण घ्यावे.

पहिली स्वतंत्र बुडी

ठिकाण असे निवडावे जेथे मार्गदर्शकाबरोबर दोन-तीनदा तरी गेलेले आहात. खोली बारा मीटर पुरे. हवा शांत असावी, पाण्यात उतरण्याची आणि बाहेर येण्याची जागा सोपी असावी, आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्या कोणाला तरी तुम्ही किती वाजता परत येणार हे ठाऊक असावे. आदल्या दिवशी दोघांनी आपापला हिशेब वेगवेगळा करावा आणि मग ताडून पाहावा. आकडे जुळले नाहीत तर कारण सापडेपर्यंत उतरू नये. पाण्यात दर पाच मिनिटांनी गेज पाहण्याआधी मनात आकडा धरावा, मग पाहावे. सुरुवातीला वीस-तीस बारांची चूक होते. काही आठवड्यांत ती दहाच्या आत येते, आणि न पाहताही हवेचा अंदाज असू लागतो.

वर आल्यावर साधने उतरवण्यापूर्वी वहीत लिहावे: सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, कमाल आणि सरासरी खोली, वजन, पाण्याचे तापमान, आणि कुठे गडबड वाटली ते. मी माझ्या वहीत आणखी एक रकाना ठेवला आहे, ‘कोणी ठरवले’ या नावाचा. कुठे वळायचे, कधी वर यायचे, हे त्या बुडीत कोणी ठरवले ते मी तेथे लिहिते. पहिल्या पंधरा ओळींत त्या रकान्यात मार्गदर्शकच आहे. सोळाव्या ओळीत पहिल्यांदा ‘आम्ही दोघींनी’ असे लिहिलेले आहे, खोली ११ मीटर, वेळ ३८ मिनिटे, उरलेली हवा ८० बार.